तळघरातली वही
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



“प्रत्येकाने आपल्या छंदावर दहा मिनिटं बोलायचं,” असा संयोजकांचा निरोप आला, तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. कुणी बागेबद्दल बोलणार, कुणी गाण्याबद्दल. माझा छंद म्हणजे घरी बिअर करणं. ज्या शाळेत ‘दारूचे दुष्परिणाम’ या निबंधाला मी बक्षीस घेतलं, त्याच शाळेत उभं राहून हे कसं सांगायचं?

तो निबंध मी आजही मागे घेत नाही. दारूने काही घरांचं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातलं एक घर माझ्या सख्ख्या काकांचं होतं. मी जर्मनीत न्यूरेम्बर्गला राहतो. तिथे स्वतःपुरती, ठरावीक मर्यादेत बिअर घरी करता येते. विकता येत नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा हे ऐका, पण इथे करून बघू नका. शिवाय माझा घाणा पाच लिटरचा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दहा बाटल्या, आणि त्याला दोन महिने लागतात. नुसतं प्यायचं असेल तर एवढी खटपट कुणी करणार नाही.

मी करतो ती लागर. ‘लागर्न’ म्हणजे जर्मन भाषेत साठवून ठेवणं. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बिअर करायला बंदी घातली गेली, कारण उकाड्यात ती नासायची. मग थंडीत करायची आणि तळघरात साठवायची ही रीत पक्की झाली. न्यूरेम्बर्गच्या जुन्या शहराखाली खडकात खोदलेली बिअरची तळघरं आजही पाहायला मिळतात. आज आपण ओळखतो ती सोनेरी, नितळ लागर १८४२ साली पिल्सेन गावात योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने पहिल्यांदा केली.

आता कृती. विरजण लावणाऱ्या आणि इडलीचं पीठ आंबवणाऱ्या मंडळींना ती अवघड वाटणार नाही.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. फिकट पिल्सनर माल्ट सव्वा किलोला थोडं कमी, म्हणजे १ किलो २०० ग्रॅम भरडून घ्यायचं आणि पातळ कापडाच्या पिशवीत भरायचं. ८ लिटर पाणी ६९ अंशांपर्यंत तापवून त्यात पिशवी सोडायची. पाणी ६५-६६ अंशांवर येतं. तिथेच ते तासभर राखायचं. जवातली विकरं पिठाची साखर करतात. पिशवी उचलून निथळली की खाली गोड, पिवळसर पाणी उरतं. आई आमच्याकडे आली होती, तेव्हा तिने वास घेऊन विचारलं, “पेज करतोयस का?” तोवर ती पेजच असते.

मग हे पाणी झाकण न ठेवता तासभर उकळायचं. झाकण ठेवलं तर उकडलेल्या मक्यासारखा वास आतच राहतो. उकळी आली की कडवटपणासाठी हॉप्सची फुलं १५ ग्रॅम टाकायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत वासासाठी आणखी ५ ग्रॅम. गॅस बंद केला की पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट गार करायचं. इथून पुढे सोवळं सुरू! भांडं, नळी, चमचा, जे जे या पाण्याला लागेल ते निर्जंतुक केलेलं हवं.

आता यीस्ट, म्हणजे आपलं विरजण. दही लावताना दूध कोमट लागतं. लागरच्या यीस्टला १० ते १२ अंशांची थंडी लागते. आमच्या इमारतीच्या तळघरात हिवाळ्यात ती फुकट मिळते. साधारण दोन आठवडे ते हळूहळू साखर खातं. नंतर भांडं तीन दिवस १७-१८ अंशांच्या खोलीत आणायचं, म्हणजे बिअरमधला लोण्यासारखा वास यीस्ट स्वतःच संपवतं. मग पाच लिटरला ३० ग्रॅम साखर घालून बाटल्या भरायच्या. दोन आठवडे घरात ठेवल्या की त्या साखरेचा वायू होऊन फेस धरतो. शेवटी फ्रिजमध्ये, शून्याच्या जरा वर, चार आठवडे. हेच ते ‘लागर्न’. यात माणसाने काहीच करायचं नसतं, आणि मला तेच सर्वांत जड गेलं.

बाटल्या कधी भरायच्या हे कॅलेंडर सांगत नाही, हायड्रोमीटर सांगतो. दुधाच्या लॅक्टोमीटरचा हा भाऊ. साध्या पाण्यात १.००० दाखवतो. माझं गोड पाणी सुरुवातीला १.०४८ होतं. साखर संपत जाते तसा आकडा उतरतो, १.०१०च्या आसपास थांबतो. एकेक दिवसाच्या अंतराने तीनदा तोच आकडा आला, तरच बाटल्या भरायच्या.

माझ्या पहिल्या घाण्याला आठव्या दिवशी आकडा आला १.०२०. पुढच्या महिन्यात माझा पन्नासावा वाढदिवस होता आणि मित्रांना “घरची बिअर पाजतो” असं सांगून बसलो होतो. मनात म्हटलं, झालंच असेल, मोजताना चूक झाली असेल. वहीत लिहिलं १.०१०. पुस्तकात तेच होतं. वरून ३० ग्रॅम साखर घातली आणि बुचं लावून टाकली.

अठराव्या दिवशी संध्याकाळी तळघरात मोठा आवाज झाला. खाली धावलो. तीन बाटल्या फुटल्या होत्या, काचेचे तुकडे समोरच्या खोक्यांत रुतले होते. माझी मुलगी दहा मिनिटांपूर्वी त्याच कोपऱ्यातून बटाटे घेऊन वर आली होती.

उरलेल्या बाटल्यांवर जाड ब्लँकेट टाकलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि हातांत जाड हातमोजे घालून त्या अंगणात एकेक उघडल्या आणि बिअर बर्फात ओतली. रात्री वही काढली. त्या पानावर माझ्याच अक्षरात खोटं लिहिलेलं होतं. आणि मला ही शाळा आठवली.

नववीचं प्रात्यक्षिक होतं, पाण्याचा उत्कलनबिंदू. आमच्या गटाचा थर्मामीटर ९८च्या पुढे सरकेना. मी जर्नलमध्ये ऐटीत १०० लिहिलं. आपल्या विज्ञानाच्या सरांनी त्याभोवती लाल गोल केला आणि म्हणाले, “पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. तुझ्या थर्मामीटरने काय दाखवलं ते लिही.” मला वाटलं, सर उगाच कीस काढताहेत. खूप वर्षांनी कळलं की आपलं गाव समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंचावर आहे, तिथे हवेचा दाब कमी असतो आणि पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. थर्मामीटर बरोबर होता. त्या पानावरची एकमेव खरी गोष्ट मी खोडून टाकली होती.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. नववीत त्या गोलाने माझे दोन गुण गेले, एवढंच मला कळलं होतं. त्याचा अर्थ मला पन्नाशीला कळला, तोही पोरीवरचं संकट थोडक्यात टळल्यावर.

आता तळघरातल्या वहीत जे दिसतं तेच लिहितो. तापमान चढलं तर चढलं, बिअर आंबट झाली तर आंबट. वाढदिवस आला तरी बाटली थांबते. मागच्या हिवाळ्यातला घाणा नितळ उतरला, तेव्हा त्याच्या पानावर मी लाल शाईने एक गोल काढला आणि आत तारीख लिहिली.

सर, ती वही मी सोबत आणली आहे. जेवण झाल्यावर जरा तपासून द्याल?