किण्व : मद्यार्काचा राखणदार

सायंकाळीं कोमट दुधांत चमचाभर ताजें विरजण पडलें कीं सकाळीं घट्ट दहीं तयार असतें. विरजण शिळें किंवा अपुरें असेल, तर दूध नासतें. ज्याचा प्रवेश आधीं व भरपूर, त्याचें राज्य, हा घरोघर ठाऊक असलेला नियमच मद्यार्काच्या कारखान्यांतही लागू पडतो.

१८५६ सालीं फ्रान्समधील लील शहरीं बीगो नांवाच्या कारखानदाराच्या पिंपांतील बीटचा रस वारंवार बिघडूं लागला. त्यानें लुई पाश्चर यांस पाचारण केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं चांगल्या पिंपांतील रसांत किण्वाच्या, म्हणजे यीस्टच्या, वाटोळ्या पेशी दिसल्या. आंबटलेल्या रसांत मात्र काड्यांसारख्या बारीक जंतूंची गर्दी होती.

हे जंतु दह्यांतील जंतूंचेच भाऊबंद. १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून फार तर ९२ ग्रॅम मद्यार्क मिळतो. तीच साखर या जंतूंच्या हातीं लागली तर तिचें दुग्धाम्ल होतें. तें वाढलें कीं किण्वाचाही जोर ओसरतो. त्यांतून जंतूंची वाढ किण्वाहून जलद!

यावर पहिला उपाय किण्वच होय. प्रारंभींच जोमदार किण्व विपुल घातलें, तर तें साखर आधीं उचलतें, मद्यार्क निर्माण करतें आणि जंतूंना न मानवणारीं कांहीं मेदाम्लेंही रसांत सोडतें.

फ्रान्समध्यें निघालेल्या व ब्राझीलच्या उसाच्या कारखान्यांत रुजलेल्या मेल-बुआनो पद्धतींत हेंच तत्त्व आहे. आंबवण संपतांच यंत्रानें किण्व वेगळें काढतात व पाणी मिसळून त्यांत गंधकाम्ल घालतात. पीएच २ ते २.५ इतक्या तीव्र आम्लांत एक ते तीन तास राहिल्यानें बहुतेक जंतु मरतात. किण्व मात्र तगतें. तेंच पुन्हां नव्या रसांत जातें. किण्वाचें प्रमाण शेंकडा दहाच्या आसपास असल्यामुळें आंबवण सहा ते बारा तासांत उरकतें आणि जंतूंना अवसर मिळत नाहीं.

पेनिसिलिनसारखीं औषधेंही वापरतात. पण कालांतरानें जंतु त्यांना दाद देत नाहींत. उलट, नळ्या अस्वच्छ राहिल्या किंवा टाकी फार तापली, तर उत्तम किण्वही हतबल होतें. महाराष्ट्रांत मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांनाही हें पथ्य चुकलेलें नाहीं. राखणदार उपाशी ठेवून शेत राखलें जात नाहीं.