तीन कुलपांची पेटी



आम्ही दोघी श्रीरामपूर तालुक्यातल्या. एकीच्या घरी थोडा ऊस, दुसरीच्या घरी लोकांच्या उसात मजुरी. दोघी मठात गेलो, सिस्टर झालो. एक नर्स, एक बालवाडीची बाई. पंचविशी ओलांडली आणि आमच्या संघाने आम्हाला टांझानियाला धाडलं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा देश. तीन वर्षांनी आता सुट्टीवर आलोय. आल्यापासून सगळ्या दोनच गोष्टी विचारतात : वाघ-सिंह दिसले का, आणि किती जणांना बाटवलंत?

वाघ तिकडे नसतोच. सिंह आहे, पण आम्हाला दिसला नाही. आणि बाटवायचं म्हणाल, तर त्या गावातलं चर्च आमच्या जन्माच्या आधीचं. उलट तिथल्या बायांनीच आम्हाला त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हणायला शिकवली, तीही आमच्या उच्चारांना पोटभर हसून घेत.

आमचं गाव डोडोमाच्या बाजूला. डोडोमा म्हणजे तिथली राजधानी. दार-एस-सलामला विमानातून उतरायचं, मग बसने साडेचारशे किलोमीटर. पाऊस डिसेंबर ते एप्रिल, बाकीचे महिने धूळ. ज्वारी, बाजरी, भुईमूग. बाजरीचं शेत दिसलं तशा आम्ही एकमेकींकडे बघितलं. समुद्र ओलांडून आलो ते पुन्हा आपल्याच माळावर! फक्त भाकरी नाही. उकळत्या पाण्यात पीठ घालून घट्ट होईतो घाटायचं, त्याला म्हणतात उगाली. सोबत म्लेंडा, म्हणजे भेंडीसारखी तार सुटणारी पालेभाजी. पहिला महिना आम्ही ती भाजी डोळे मिटून गिळली. आता इथे तिची आठवण येते.

भाषा स्वाहिली. तिची फार धास्ती होती. पण दुकानाला दुका, चहाला चाय, हिशोबाला हेसाबू, विम्याला बिमा, सरकारला सेरिकाली. जुन्या काळी अरब आणि आपल्याकडचे व्यापारी गलबतांतून तिकडे जात, त्यांच्याबरोबर शब्दांचीही ये-जा झाली. ‘मामा’ म्हणजे मात्र आई, हे अंगवळणी पडायला वेळ लागला.

फसगत झाली ती घड्याळात. तिथले लोक तास मोजतात सूर्य उगवल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. बायांच्या बचत गटाने आम्हाला बोलावलं, ‘तीन वाजता या’. आम्ही भर उन्हात दुपारी तीनला झाडाखाली हजर. तिथे एक शेळी. सभा सकाळीच होऊन गेलेली! पुढच्या आठवड्यात गेलो तर अध्यक्षबाईंनी दंडाचं प्लास्टिकचं वाडगं आमच्यापुढे धरलं. पाहुण्या म्हणून माफी नाही.

तो गट तुम्हाला नीट सांगायला हवा. तिकडे असे गट गावोगाव आहेत. आमच्या गटात पंचवीस बाया. बँक लांब, म्हणून पैसा पत्र्याच्या पेटीत. पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगळ्या घरी, आणि पेटी चौथ्या घरी. चौघी एकत्र आल्याशिवाय झाकण उघडत नाही. दर आठवड्याला प्रत्येकीने एक ते पाच शेअर घ्यायचे, जेवढे शेअर तेवढे शिक्के पासबुकात. ज्यांना वाचता येत नाही त्या शिक्के मोजतात. कर्ज त्याच पैशातून. वर्ष संपलं की व्याजासकट सगळं शेअरप्रमाणे वाटून टाकायचं, पेटी रिकामी, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय एक लहान पिशवी वेगळी, समाजनिधीची. आजारपण, मयत, आग लागली, त्यासाठी. सभा उठण्याआधी पेटीत किती उरले ते मोठ्याने सांगतात आणि सगळ्या ते पाठ करतात. पुढच्या सभेत आधी तो आकडा म्हणायचा, मगच कुलपं उघडायची.

आमची चूक तिथेच झाली. दुसऱ्या वर्षी पाऊस मध्येच गेला. एकीच्या शेंगा वाळल्या, कर्जाचा हप्ता थकला. ती दवाखान्यात येऊन रडली. आमच्याकडे घरून आलेले थोडे पैसे होते. आम्ही गुपचूप तिचा हप्ता भरला. फार चांगलं काम केलं असं वाटून त्या रात्री झोपही छान लागली.

गुपचूप कसलं, चार दिवसांत गावभर झालं. पुढच्या सभेला सहा जणींनी हप्ता आणला नाही. सिस्टर भरतील! आणि जिचा भरला ती सभेलाच आली नाही, लाजेने. अध्यक्षबाई संध्याकाळी मठात आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘‘तिची मुदत आम्ही वाढवणार होतो. समाजनिधीतून धान्य देणार होतो. तुम्ही आम्हाला विचारलं का नाही? तुमची उद्या बदली होईल. पेटी इथेच राहणार आहे.’’

आम्हाला बोलता आलं नाही. सेवा करायला म्हणून आलेलो, आणि तीन कुलपांची पेटी मागच्या बाजूने फोडून ठेवली होती. गटाची घडी पुन्हा बसायला चार महिने लागले, आणि ती त्यांनीच बसवली. आम्ही फक्त सभेत उभं राहून चूक कबूल केली. पुन्हा दंड भरला, ते वेगळंच.

त्याच वर्षी आमच्यातल्या एकीचे वडील गेले. फोन आला तेव्हा तिकडे पहाट होती. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. लगेच निघाली असती तरी माती मिळाली नसती. तिकीट महाग, सुट्टीला अजून वर्ष. ती गेली नाही. हे आम्ही सहसा कुणाला सांगत नाही. घर सोडायचं व्रत घेताना याचा अर्थ विसाव्या वर्षी कळत नाही.

सकाळी दार उघडलं तर अंगणात चटया. गटातल्या बाया बसलेल्या. कुणी पीठ आणलेलं, कुणी लाकडं. त्यांनी चूल पेटवली, आम्हाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी तीन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी रुमालात बांधलेले पैसे पुढे केले, समाजनिधीतले. आम्ही म्हटलं, अहो, आम्ही सभासद नाही. त्या म्हणाल्या, ‘‘दंड दोनदा भरलात की!’’ रडता रडता हसू आलं. पैसे घेतले. शेंगा वाळलेली ती बाई शेजारीच बसली होती, तिनेही त्यात आपला वाटा घातला होता.

निघायच्या आधीच्या सभेत आम्ही होतो. पेटीत चार लाख सोळा हजार पाचशे शिलिंग उरले. ऐकायला मोठा आकडा. आपल्या एका रुपयाला तेव्हा तिकडचे साधारण तीस शिलिंग मिळत होते, तुम्हीच हिशोब करा. आम्हालाही तो पाठ करायला लावला. परत गेल्यावर म्हणून दाखवायचाय. तोवर पेटीतला आकडा कितीतरी बदललेला असेल, पण विचारणार म्हणजे विचारणारच. आता महिनाभराने निघायचं आहे.