दिंडीच्या ट्रॉलीची ताडपत्री : पावसात कशी बांधावी, कशी जपावी



ज्येष्ठ लागला की आपल्या खानदेशातून दिंड्या निघतात. मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते, अमळनेरहून सखाराम महाराजांच्या संस्थानची दिंडी निघते. मुक्ताईच्या पालखीची वाट बुलढाणा, जालना, बीड अशी महिन्याहून जास्त दिवसांची. मागे सामानाला ट्रक, टेम्पो, नाहीतर गावच्याच कोणाची ट्रॅक्टर-ट्रॉली असते. मुक्कामाला ट्रॉलीच्या कडेला ताडपत्री ओढून पडवी काढायची, तिच्याखाली चूल, पंगत, भजन आणि झोप. आषाढी होईपर्यंत तेच घर.

आता तुम्ही म्हणाल, शेतकीच्या कार्यक्रमात दिंडीचं काय काम? काम आहे. ही ताडपत्री बहुतेक ठिकाणी शेतातलीच असते. दिंडी परत येते तेव्हा ती ओली घडी करून कोपऱ्यात पडते. पुढे पोळा-गणपतीच्या सुमारास मूग-उडदाच्या शेंगा खळ्यावर आणि वर आभाळ भरलेलं, अशा वेळी घडी उघडावी तर काळे ठिपके, कुबट वास, आणि ओढली की घडीवरच फाटलेली. म्हणजे दिंडीतली रात्र आणि घरचा मूग, दोन्ही एकाच कापडावर टांगलेले असतात.

पहिली गोष्ट पाण्याच्या वजनाची. बारा बाय पंधरा फुटांच्या पडवीवर एक इंच पाऊस झाला तर सव्वाचारशे लिटर पाणी पडतं, म्हणजे सव्वाचार क्विंटल. हे वाहून गेलं तर काहीच नाही. पण ताडपत्री सैल असली की मध्ये पोट धरते, पोटात पाणी साठतं, त्या भाराने पोट आणखी खाली येतं आणि आणखी पाणी ओढतं. एका मुक्कामी रात्री दोनच्या सुमाराला आमच्या शेजारच्या ट्रॉलीची पडवी अशीच बसली. बांबू मोडला नाही, तो आडवा झाला, आणि खाली दोन म्हाताऱ्या झोपलेल्या. बांबू हातभर अंतरावर पडला म्हणून बऱ्या. सगळं अंथरूण मात्र भिजलं आणि पुढच्या दोन मुक्कामांत ते वाळलं नाही.

यासाठी उतार भरपूर द्यावा. चार फुटांमागे एक फूट हा हिशेब धरा. पडवी बारा फूट बाहेर येत असेल आणि ट्रॉलीकडची बाजू आठ फुटांवर असेल, तर बाहेरची बाजू पाच फुटांवर यावी. “मग माणूस वाकून येतो,” अशी तक्रार हमखास होते. वाकून यावं. भिजण्यापेक्षा वाकणं बरं. शिवाय बाहेरच्या दोन कोपऱ्यांपैकी एक कोपरा वीतभर आणखी खाली घ्यावा, म्हणजे सगळं पाणी एका जागी पडतं आणि तिथे बादली लावता येते. मध्ये टेकू द्यायचा तर बांबूच्या टोकाला नारळाची करवंटी उपडी बसवून वर चिंध्या गुंडाळाव्यात. नुसतं टोक ताडपत्रीला भोक पाडतं.

एवढं करूनही पोट धरलंच तर त्याखाली उभं राहून काठीने ढोसू नये. बाजूला उभं राहून बाहेरचा एक बांबू हळूहळू कलता करावा आणि पाणी सोडून द्यावं.

दोराचं एक गमक आहे. सुताचा, अंबाडीचा किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो. संध्याकाळी कोरडा दोर ताणून बांधला आणि रात्री पाऊस आला की तो मेखा उपटतो किंवा रिंगा फाडतो. म्हणून आभाळ दिसलं की असा दोर थोडा ढिला सोडून निजावं. नायलॉनचं उलटं आहे. तो भिजल्यावर सैल पडतो, त्याला पाऊस सुरू झाल्यावर पुन्हा ताण द्यावा लागतो. साध्या प्लॅस्टिकच्या दोराला फारसं काही होत नाही, पण त्याची गाठ घसरते, तिला जास्तीचा वेढा द्यावा. पाणी दोरावरून ओघळत थेट आत येतं, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोराला छपराच्या बाहेर चिंधीची एक गाठ मारून तिचं टोक लोंबतं ठेवलं की पाणी तिथेच गळून पडतं.

मेखांची गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको. रावेर-यावल-चोपड्याकडची, शिरपूरकडची काळी जमीन कोरडी असताना मेख दगडासारखी धरते आणि भिजली की लोण्यासारखी सोडते. वाटेतही तशी जमीन लागते. तिथे मेखेवर भरवसा ठेवू नये. खताचं रिकामं पोतं मातीने भरून, दोर बांधून, हातभर खड्ड्यात आडवं पुरावं. ते सहसा उपटत नाही. वरच्या अंगाने वीतभर खोल चर काढावी, आणि निघताना ती बुजवावी. ती जमीन दुसऱ्या शेतकऱ्याची असते.

रिंग निघाली असेल तर तिथल्या कापडात गुळगुळीत गोटा धरावा, त्याच्याभोवती कापड आवळावं आणि मानेला दोर बांधावा. रिंगेपेक्षाही पक्कं होतं. ट्रॉलीच्या फाळक्याची धार जिथे घासते तिथे गोणपाट घालावा.

ताडपत्री सुती आहे की प्लॅस्टिकची, हे पाहून वागावं. सुती मेणताडपत्री भिजली की धागे फुगतात आणि बारीक छिद्रं मिटतात, म्हणून ती पाणी अडवते. पण खालून हात लागला, अंथरूण टेकलं, की तिथे झिरपायला लागते. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, कारण त्यांना बोट लावून पाहायची भारी हौस. सुतीला साबण, सोडा लावू नये. मेण निघून जातं. तिचं ठिगळ मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावं. प्लॅस्टिकची कुजत नाही, पण उन्हाने कडक होऊन तडकते. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन तिला धरत नाही. त्यात वेळ घालवू नका. जागा पुसून, कोरडी करून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी आणि घरी आल्यावर दुकानातून गरम करून जोड बसवून घ्यावा.

पाऊस झोडपायला लागला की चारी बाजूंनी पडदे सोडून शेगडी आत ओढतात. हे कृपा करून करू नका. निखाऱ्याच्या वायूला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. दोन बाजू उघड्या असल्या तरच आत चूल, आणि निजायच्या आधी ती बाहेर. दिव्याची वायर लोखंडी खांबाला गुंडाळू नये. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे पडवीच काढू नये. विजा कडाडत असतील तर ताडपत्री काही वाचवत नाही. माणसांनी जवळच्या शाळेत, देवळात किंवा पक्क्या घरात जावं.

सकाळी निघायची घाई असते आणि पाऊस थांबलेला नसतो. मग ओलीच गुंडाळावी लागते, त्याला इलाज नाही. पण झटकून, झाडूने पाणी काढून सैल गुंडाळावी आणि सामानाच्या वर ठेवावी. अंथरुणाखाली दाबलेली ओली ताडपत्री दोघांनाही कुजवते. वाटेत उघडीप मिळाली की तीच ट्रॉलीवर पसरून बांधावी. दिंडी माणसाच्या पावलाने चालते, दुपारच्या विसाव्यापर्यंत ती बरीचशी वाळलेली असते. सुती ताडपत्री मात्र एका दिवसापेक्षा जास्त ओल्या घडीत राहू देऊ नये.

घरी आल्यावर साध्या पाण्याने चिखल धुवावा, मऊ कुंचा चालेल. दोन्ही बाजूंनी वाळवावी आणि काठाची जाड दुमड बोटांनी चाचपून पाहावी. अंग वाळतं, दुमड ओली राहते, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर करावी. जमिनीवर न ठेवता दोन बांबूंवर ठेवावी, उंदरांपासून आणि युरियाच्या पोत्यांपासून लांब. खत हवेतली ओल ओढतं, ती ताडपत्रीलाही लागते.

आणि एका कोपऱ्यावर तेलरंगाने ‘वरची’ असं लिहून ठेवा. दिंडीत जी बाजू चिखलाकडे होती तिच्यावर मूग पसरायचा नाही, हे खळ्यावर पाऊस आला असताना कोणाच्या ध्यानात राहत नाही.