अननसाचे शोभिवंत भाऊबंद

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरतं. अशा प्रदर्शनांत रोपांच्या स्टॉलवर लालभडक तुरा मिरवणारं ब्रोमेलियाड दिसलं, की पावलं थबकतात.

नाव परकं, कूळ मात्र ओळखीचं: अननसाचं! तीन हजारांहून अधिक जाती, आणि पश्चिम आफ्रिकेतली एक सोडली तर सगळ्या अमेरिका खंडांतल्या. अननस पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणला.

यातल्या अनेक जातींच्या पानांचा मधोमध पेला होतो. त्यात पावसाचं पाणी साठतं, पानांवरचे बारीक खवले ते शोषतात. झाडांवर वाढणाऱ्या या जातींची मुळं फांदी घट्ट धरून ठेवतात, एवढंच. ब्राझीलच्या जंगलात काही बेडूक या पेल्यात अंडी घालतात. आपल्याकडे डास घालतील, म्हणून आठवड्यातून एकदा कुंडी आडवी करून पाणी बदलायचं.

गोंदियाकरांना झाडावर राहणारं झाड नवं नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातली ऑर्किडंही फांद्यांवरच वाढतात. ती बांडगुळं नव्हेत. रस शोषत नाहीत, नुसती भाडेकरू.

इथल्या मे महिन्याच्या उन्हात ब्रोमेलियाड हिरव्या जाळीखाली किंवा ओसरीतच ठेवावं. आणि घेताना नुसत्या तुऱ्यावर भाळू नये. बहुतेक जातींचं रोप एकदाच फुलतं, मग हळूहळू सुकतं. पण बुंध्याशी पिल्लं फुटतात. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झालं, की धारदार चाकूने वेगळं करून कोळसा आणि नारळाच्या सोडणात लावावं.