पुढची गाडी काय म्हणते?



जळकोटकरांना सोलापूर–हैदराबाद महामार्गाची ओळख मी काय करून देणार! पण हा महामार्ग सोडून आतल्या दुपदरी रस्त्याला लागा. पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर लावतो. आपण समजतो, ‘या, रस्ता मोकळा आहे.’ आणि तो खरोखरच उजवीकडे शेतरस्त्याला वळतो! डिपरचंही तेच. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की ‘मी थांबणार नाही’. इंग्लंडात बहुधा ‘आधी तुम्ही जा’. गाड्या दिव्यांनी बोलतातच, पण त्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही. तो ठेवता यावा म्हणून जगभर खटपट चालली आहे, तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

प्रकाशातून निरोप पाठवण्याची कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी १८८० साली वॉशिंग्टनमध्ये उन्हाच्या झोतावरून माणसाचा आवाज २१३ मीटर लांब पोचवला. बोलणाऱ्याच्या आवाजाने पातळ आरसा थरथरायचा, झोत कमीजास्त व्हायचा आणि पलीकडे सेलेनियमच्या मदतीने त्याचा पुन्हा आवाज व्हायचा. टेलिफोनपेक्षा हा शोध मोठा, असं बेल मानत असे. पण ढग आला की संभाषण बंद!

खरी सोय झाली ती एलईडीने. जुन्या बल्बची तार तापायला आणि निवायला वेळ घेते. एलईडी सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊ शकतो आणि आपल्या डोळ्याला तो सलग जळतानाच दिसतो. निळ्या एलईडीमुळे पांढरा दिवा शक्य झाला. त्या शोधाला २०१४चं नोबेल मिळालं. जपानात केओ विद्यापीठाच्या मासाओ नाकागावा यांनी अशा दिव्यांतून माहिती पाठवण्यावर सुरुवातीचं काम केलं आणि २०११मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने त्याचं मानकही ठरवलं.

गाडीत हे असं चालेल. पुढच्याने ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागेल आणि त्याच उजेडातून ‘वेग इतका, ब्रेक जोरात’ हा निरोप निघेल. मागच्या गाडीचा कॅमेरा किंवा प्रकाशग्राहक तो वाचेल. तीनशे मीटर जायला प्रकाशाला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो. माणसाचा पाय ब्रेकवर जायला सेकंदभर जातो. ताशी ८० किलोमीटरने तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. शिवाय दुसरी गाडी तिसरीला तोच निरोप देऊ शकते, म्हणजे ट्रकच्या आड काय चाललंय ते मागच्याला कळेल.

मग रेडिओ का नको? रेडिओ वळणापलीकडे पोचतो, प्रकाश नाही. तिथे रेडिओच सरस. पण निरोप नेमका कोणत्या गाडीचा, हे प्रकाशाच्या दिशेवरून चटकन कळतं. माझ्या मते दोन्ही लागतील. एकट्या दिव्यावर विसंबायचं म्हटलं तर आपल्या रस्त्याने आधीच उत्तर दिलंय: सकाळी उमरग्याकडे निघालात की सूर्य थेट तोंडावर. साधा प्रकाशग्राहक तिथे दिपून जातो. कॅमेऱ्यात सूर्य आणि दिवा वेगवेगळ्या ठिपक्यांवर पडतात, म्हणून तो काहीसा तग धरतो. दाट धुकं आणि दिव्यावरचा चिखल मात्र कोणालाच चुकत नाही.

अजून हे सारं मुख्यतः प्रयोगांतच आहे. आणि दोन्ही गाड्यांत यंत्रणा असेल तरच त्याचा उपयोग. आपल्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एकाच ट्रॅक्टरला जोडून रात्री निघतात, मागे दिवाही नसतो. ती ट्रॉली कोणाला काय सांगणार? कॅमेरा कितीही हुशार असो, जो दिवा नाही तो त्याला वाचता येत नाही. म्हणून गाळप हंगाम सुरू होण्याआधी ज्यांच्या घरी ट्रॉली आहे त्यांनी मागचा दिवा दुरुस्त करून घ्या, लाल रिफ्लेक्टर आणि चमकणारी पट्टी लावा, आणि उसाची वाढं त्यावर लोंबणार नाहीत असं भरा.