मोटारीचें शीतयंत्र मध्येंच कां थांबतें?

अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें आपल्या १९४० सालच्या मोटारींत शीतयंत्र बसवून दिलें, तेव्हां त्याचा कॉम्प्रेसर थांबविण्याची कांहींच सोय नव्हती. गारवा नकोसा झाला, कीं एंजिन बंद करावें, बॉनेट उघडावें आणि पट्टा हातानें काढून ठेवावा, असा तो प्रकार होता. पुढें हें काम विजेच्या चुंबकावर चालणारा क्लच क्षणार्धांत करूं लागला. म्हणूनच कॉम्प्रेसर मध्येंच थांबला, कीं तो बिघडलाच, असें समजणें ही पहिली चूक होय. पुष्कळदां त्याला कोणी तरी थांबविलेलें असतें. तें कोणी व कां, हें शोधणें म्हणजेच निदान.

मे महिन्यांतील एक प्रसंग घ्यावा. पुण्याहून सोलापुरास निघालेली मोटार मोकळ्या रस्त्यावर उत्तम गारवा देते. परंतु रांगेंत उभी राहिली, कीं वारा कोमट होतो आणि धांवूं लागतांच गारवा परत येतो. मिस्त्री कॉम्प्रेसर बदलावयास सांगतो, आणि गृहस्थ हजारों रुपयांचा हिशेब मांडीत बसतो. वस्तुतः येथें दोष बहुधा कंडेन्सरच्या पंख्याचा असतो. धांवत्या गाडींत समोरचा वारा कंडेन्सरला थंड ठेवतो. उभ्या गाडींत तें काम पंख्यानें करावयाचें. तो फिरला नाहीं, किंवा जाळींत धूळ दाटली, तर गॅसचा दाब चढत जाऊन साधारण ३० बारच्या सुमारास त्यावर पाळत ठेवणारा प्रेशर स्विच क्लचची वीज तोडतो. हें यंत्राचें रक्षण होय.

याच्या उलट, कॉम्प्रेसर दर कांहीं सेकंदांनीं चालू-बंद होत असेल, तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. दाब फार उतरला, तरीहि स्विच वीज तोडतो. गॅस वापरानें झिजत नाहीं. तो कमी झाला, म्हणजे कोठें तरी गळती आहे. गॅसबरोबर तेलहि फिरत असतें, म्हणून सांध्यावरील तेलकट डाग हा उत्तम साक्षीदार. गळती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें.

तिसरा प्रकार फसवा आहे. अर्धा तास सर्व ठीक चालतें, मग क्लच सुटतो आणि एंजिन निवेपर्यंत पुन्हां पकडत नाहीं. अशा वेळीं क्लचला १२ व्होल्टचा प्रवाह पोंचतो कीं नाहीं, तें मोजावें. पोंचत नसेल, तर रिले, स्विच व तारा तपासाव्या. पोंचत असूनहि पकड होत नसेल, तर दोष क्लचचाच. त्याच्या चकत्यांतील फट झिजेनें वाढलेली असते. तापलेल्या वेटोळ्याचा विद्युत्-विरोधहि वाढतो आणि चुंबकाची ओढ अपुरी पडते. कित्येक क्लचमध्यें एक पातळ वॉशर काढून ही फट कमी करितां येते. सबंध कॉम्प्रेसर बदलावा लागत नाहीं.

एक गोष्ट मात्र कदापि करूं नये. प्रेशर स्विच तारेनें जोडून यंत्र बळेंच चालविण्याची युक्ति कांहींजण सांगतात. गॅस संपत आला असतां तेल परत येत नाहीं. कोरडा कॉम्प्रेसर जाम होतो आणि धातूचा कीस सर्व नळ्यांत पसरतो. शंभराचें काम मग हजारांवर जातें.

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय मात्रा उगाळीत नाहीं. मोटारीच्या मालकानेंहि यंत्र केव्हां थांबतें, किती वेळानें थांबतें आणि कशानें पुन्हां चालतें, हें तीन दिवस टिपून ठेवावें आणि तो कागद घेऊनच गॅरेजांत जावें.