कळपाची स्मृती

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे आपण ढोंगी माणसाला उद्देशून म्हणतो. हत्तीच्या जिवावर मात्र ते दाखवायचे दातच उठले. सुळा आयुष्यभर वाढतो आणि त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो. अखंड सुळा हवा तर हत्तीचा जीवच घ्यावा लागतो. वय जितके अधिक, तितका सुळा वजनदार. आपल्या देशात सुळे केवळ नरांना येतात, आफ्रिकेत माद्यांनाही. त्यामुळे तेथे आधी मोठे नर मारले गेले आणि मग कळपातील वडीलधाऱ्या माद्या.

हत्तींचे कुटुंब या वृद्ध मादीच्या मागे चालते. ती गेल्यावर काय होते, हे टांझानियातील तारांगिरे अभयारण्यात दिसून आले. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तेथे चोरट्या शिकारीने कहर केला होता. 1993 साली भीषण दुष्काळ पडला आणि नऊ महिन्यांत 81 पिल्लांपैकी 16 दगावली. जे कळप अभयारण्य सोडून बाहेर पडले, त्यांची पिल्ले अधिक वाचली. त्यांतील काही माद्या 1958 ते 1961 च्या दुष्काळातून तरलेल्या होत्या. पाण्याची वाट त्यांना स्मरत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ज्या कळपाने वडीलधाऱ्या माद्या गमावल्या होत्या, तो जागचा हलला नाही.

1979 ते 1989 या दशकात आफ्रिकेतील हत्ती अंदाजे तेरा लाखांवरून सहा लाखांवर आले. जुलै 1989 मध्ये केनियाने बारा टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. पुढे 1999 आणि 2008 मध्ये सरकारी साठे विकण्यास अपवाद म्हणून परवानगी मिळाली. हा अपवाद मला आजही अनाकलनीय वाटतो. 2007 ते 2014 या काळात गवताळ प्रदेशांतील हत्ती पुन्हा तीस टक्क्यांनी घटले. चीनने आपली देशांतर्गत बाजारपेठ बंद केली ती थेट 2017 च्या अखेरीस.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण आपण गुजरातेत राहतो. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचे हस्तिदंत गलबतांतून मुंबईला आणि कच्छला उतरे. त्यातील पुष्कळसे येथील नववधूंच्या चुड्यांसाठी कापले जाई. आपल्याकडे हिरव्या काचेचा चुडा, त्यांच्याकडे हस्तिदंती. आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार आपल्या कायद्याने 1991 मध्ये थांबवला. आता तसेच चुडे प्लॅस्टिकचे मिळतात आणि लग्नेही थाटात लागतात.

आठवी-नववीच्या मुलींना माझे एक सांगणे आहे. शेजारच्या गुजराती आजींकडे जा. त्यांच्या आईच्या हातात कसला चुडा होता, तो कोणी घडवला, पुढे त्याचे काय झाले, हे विचारा आणि लिहून आणा. इतिहासाच्या तासाला आपण ते वाचू.